पायाला डंख, कपाळाला घाम



बुद्ध पौर्णिमा होऊन गेल्यावरच्या रविवारी रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आम्ही आरोग्याच्या बैठकीला गेलो होतो. वंदना झाली, चहा झाला. विषय रक्तदाबाचा ठरला होता, पण कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. आठवड्यापूर्वीच वाडीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला विंचू चावला होता आणि सगळी वाडी अजून त्यातच होती. भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने विचारलं, "बाय, इच्चू चावलान पोरीच्या पायाला. मंग घाम कपालाला कसा फुटला?"

खरं सांगायचं तर असा प्रश्न आम्हाला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. नर्सिंग शिकताना आम्ही विंचूदंशाची लक्षणं पाठ केली होती: घाम, लाळ, उलटी, हातपाय गार, छातीत धडधड. ती परीक्षेत लिहिली आणि वॉर्डात डोळ्यांनी पाहिली. पण पाय आणि कपाळ यांचा संबंध काय, हे त्या आजीला समजेल अशा शब्दांत आम्हालाही तिथल्या तिथे सांगता आलं नाही. आजीचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आज या पानावर देतो आहोत.

आधी त्या मुलीचं ऐका. पावसाच्या आधी लाकूडफाटा आत भरायचं काम चाललं होतं. संध्याकाळी मोळी उचलताना तिच्या पायाच्या अंगठ्याला डंख झाला. विंचू लालसर, बोटभर लांबीचा. मुलगी किंचाळली आणि घरच्यांनी तिला शेजारच्या वाडीतल्या भगताकडे नेलं. त्याने उतारा सुरू केला. अर्ध्या तासात कळ थोडी कमी झाली आणि मुलीला दरदरून घाम सुटला, अगदी फ्रॉक पिळून काढावा इतका. भगत म्हणाला, "बघा, विष घामावाटे उतरतंय." घरचे सुखावले. दीड तास असाच गेला. मग तिला उलट्या झाल्या, हातपाय बर्फासारखे गार पडले, खोकला लागला. तेव्हा तिच्या मामाने कोणाचं न ऐकता तिला रिक्षात घातलं.

ज्या घामाने सगळ्यांना धीर आला, तो घामच धोक्याची घंटा होता. तो का, हे समजायला शरीरातली वीज समजून घ्यावी लागते. घाबरू नका, गणित नाही. मीठ आणि शहाळं एवढ्यावर भागतं.

मीठ पाण्यात टाकलं की ते दिसेनासं होतं. ते नाहीसं होत नाही, त्याचे दोन तऱ्हेचे सूक्ष्म कण सुटे होतात. एक सोडियमचा, त्यावर विजेचा अधिक भार. दुसरा क्लोराइडचा, त्यावर उणा भार. अशा भार असलेल्या कणांना आयन म्हणतात. पोटॅशियमचा आयनही अधिक भाराचा. आपलं रक्त आणि पेशींच्या बाहेरचं पाणी खारट असतं. दवाखान्यात लावतात त्या सलाईनच्या एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं, ते याच हिशेबाने. म्हणजे पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर. पेशीच्या आत मात्र उलटं: पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडंसं. आपल्याकडच्या शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असतं. तेव्हा समुद्राच्या पाण्यात तरंगणारं शहाळं डोळ्यांसमोर आणा. आपली प्रत्येक पेशी साधारण तशी आहे. समुद्र फक्त पुष्कळ कमी खारट.

हा आतबाहेरचा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या पातळ आवरणात पंप असतात. ते दर फेरीला तीन सोडियम बाहेर फेकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. आपण झोपलो तरी ते थांबत नाहीत, आणि मेंदू जी ऊर्जा खातो तिचा मोठा वाटा याच हमालीवर खर्च होतो. हा फरक किती नाजूक आहे ते नर्सला पहिल्या वर्षीच शिकवतात: पोटॅशियमचं इंजेक्शन थेट शिरेत कधीही ढकलायचं नाही. जो पदार्थ पेशीच्या आत खच्चून भरलेला आहे, तोच बाहेर रक्तात एकदम वाढला तर हृदय बंद पडतं.

आता मज्जातंतू. हीसुद्धा पेशीच, फक्त लांब धाग्यासारखी. कंबरेजवळून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा तंतू एकाच पेशीचा असतो. तो शांत असताना त्याची आतली बाजू बाहेरच्या मानाने किंचित उणी असते. पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत असतं आणि जाताना अधिक भार घेऊन जातं, म्हणून. हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्ट, म्हणजे बॅटरीतल्या एका सेलच्या विसाव्या हिश्श्याएवढा. एवढ्याशा विजेवर आपलं चालणं, बोलणं, आठवणं सगळं चालतं.

तंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म दारं असतात. काही फक्त सोडियमला वाट देतात, काही फक्त पोटॅशियमला. पायाला काटा बोचला की तिथली सोडियमची दारं उघडतात. बाहेर सोडियमची गर्दी आणि आत उणा भार, त्यामुळे सोडियम आत घुसतं. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात आतली बाजू उणीची अधिक होते. लगेच सोडियमची दारं स्वतःहून बंद होतात, पोटॅशियमची उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि तंतू पुन्हा पूर्वीसारखा शांत. पण तेवढ्यात शेजारच्या दारांना विजेतला बदल जाणवलेला असतो. ती उघडतात, मग त्यांच्या शेजारची. अशी लाट अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत जाते आणि तिथून पुढे मेंदूपर्यंत.

इथे एक चूक बरेच जण करतात, आम्हीही करायचो. घरातल्या तारेतून जशी वीज लांबीने वाहते तसं इथे काही वाहत नाही. सोडियमचा कण अंगठ्यापासून मेंदूपर्यंत प्रवास करत नाही. तो फक्त भिंत ओलांडून आत येतो, तिथल्या तिथे. पुढे जाते ती लाट. बावीला पाणी भरताना हातोहात घागरी पुढे जातात आणि माणसं जागेवरच राहतात, तसं.

लाटेचा वेग सगळ्या तंतूंत सारखा नसतो. तीव्र चमक नेणाऱ्या तंतूंत ती साधारण धावत्या एसटीच्या वेगाने जाते आणि मागाहून येणारा ठणका नेणाऱ्या बारीक तंतूंत माणसाच्या चालीने. म्हणून ठेच लागली की आधी चर्र होतं आणि मग ठणकत राहतं.

ही सगळी उकल कुठे झाली माहीत आहे? माकुलावर! मिरकरवाड्याच्या बंदरात टोपल्यांनी उतरतं, ते माकूल. त्याच्या अंगात एक मज्जातंतू जवळजवळ दोऱ्याएवढा जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. हॉजकिन आणि हक्सली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी त्या तंतूच्या आत बारीक तार घालून वीज मोजली आणि सोडियम आत, पोटॅशियम बाहेर हा क्रम १९५२ साली मांडला. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढच्या वेळी माकूल साफ करायला बसाल तेव्हा आठवण ठेवा.

आता आजीचा प्रश्न. लाल विंचवाच्या विषातले काही पदार्थ नेमके या सोडियमच्या दारांना जाऊन चिकटतात. दार उघडतं, पण वेळेवर बंद होत नाही, जणू फटीत कोणी पाचर मारली आहे. त्याच विषात पोटॅशियमच्या एका प्रकारच्या दारात बोळा घालणारा पदार्थही आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तो आपल्याच या लाल विंचवाच्या विषातून वेगळा काढला. त्याला आयबेरिओटॉक्सिन म्हणतात आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तो वापरला जातो. सोडियमचं दार बंद होत नाही आणि पोटॅशियमची वाट अडते, मग मज्जातंतू शांत होणार कसा? एका काट्याला एक निरोप जायच्या ऐवजी निरोपांवर निरोप सुटतात.

डंखाच्या जागी त्याची असह्य कळ होते. पण विष अंगठ्यात बसून राहत नाही, ते रक्तात मिसळून सगळीकडे जातं. आपल्या अंगात असे मज्जातंतू आहेत जे आपल्या इच्छेवर चालत नाहीत. घामाच्या ग्रंथी, लाळ, आतडी, हृदय, रक्तवाहिन्या हे सगळं तेच सांभाळतात. तेही पेटतात. म्हणून आजी, डंख पायाला आणि घाम कपाळाला. विष घामावाटे बाहेर पडत नसतं. घाम म्हणजे विष सगळ्या अंगात पोचल्याची खूण.

यापुढचं अधिक वाईट. पेटलेले तंतू आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनलिनसारखे पदार्थ भराभर सोडतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो, हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं आणि ते थकतं. मग पाणी फुप्फुसात साचतं. खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस. लहान मुलांत हे काही तासांत होतं, कारण विष तेवढंच आणि देह लहान. मुलग्यांमध्ये आणखी एक खूण दिसते: लिंग आपोआप ताठरतं आणि तसंच राहतं. आया लाजेने सांगत नाहीत. बायांनो, सांगा. डॉक्टरला त्या एका खुणेवरून विष किती पसरलं आहे ते कळतं.

आपल्या भागात इंगळीला, म्हणजे मोठ्या काळ्या विंचवाला, लोक जास्त घाबरतात. तिचा आकारच तसा. पण जीव घेतो तो बहुतेक लहान लाल विंचू. शास्त्रज्ञांनी त्याच्या एका पोटजातीला तर कोकणाचंच नाव दिलं आहे, कॉंकनेन्सिस. जांभ्याच्या गडग्यात, कौलांखाली, पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात आणि दाराबाहेरच्या चपलेत त्याचं बस्तान असतं.

या विंचवाच्या विषावरचा उपाय जगाला कुठून मिळाला? आपल्या शेजारच्या महाडहून. २० मार्चला चवदार तळ्यावर आपण दरवर्षी जातो. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या गावात पाण्याचा हक्क बजावला, तेच हे महाड. जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर मरत होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी ठेवल्या: घाम कधी सुटला, हात कधी गार झाले, नाडी कशी बदलली. त्या नोंदी १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आल्या. पुढे त्यांनी रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली, प्राझोसिन. १९८६ मध्ये तिच्यावरचा लेखही 'लॅन्सेट'ने छापला. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरामागे तीसच्या आसपास दगावत. वेळेत गोळी मिळू लागल्यावर हा आकडा अगदी थोड्यांवर आला. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या. २०२२ मध्ये डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

गोळी काय करते? ती विष मारत नाही आणि दारातली पाचरही काढत नाही. रक्तवाहिन्यांवर ज्या जागी 'आवळा' असा निरोप पोचतो, त्या जागाच ती अडवते. मज्जातंतू ओरडत राहतात, पण रक्तवाहिन्यांना ते ऐकू येत नाही. त्या सैल पडतात, हृदयावरचं ओझं उतरतं आणि शरीराला विष निपटायला वेळ मिळतो. विषाला थेट बांधणारी लसही आहे. मुंबईच्या हाफकिनने ती तयार केली. बावस्करांनी ७० रुग्णांवर दोन्हींची तुलना केली आणि लस व गोळी एकत्र दिल्यास नुसत्या गोळीपेक्षा रुग्ण लवकर सावरतो, असं २०११ मध्ये दाखवून दिलं.

डंखाच्या जागी कळ थांबवायला डॉक्टर लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. दात काढताना हिरडीत देतात तेच. तेही सोडियमच्या त्याच दारांवर काम करतं, फक्त उलटं: दारात बसून सोडियमची वाट बंद करतं. विंचवाचं विष दार उघडं ठेवतं, हे औषध लावून घेतं. दोन्ही एकाच उंबऱ्यावर.

मग उताऱ्याने माणसं बरी कशी होतात? हा प्रश्न बैठकीतल्या एका तरुणाने जरा तावातावानेच विचारला, कारण भगत त्याच्या आईच्या माहेरचा. उत्तर असं की विंचू चावलेल्या बहुतेक मोठ्या माणसांत विष थोडं असतं, फक्त कळ येते आणि काही तासांत ती आपोआप ओसरते. भगत त्या वेळी समोर बसलेला असतो, म्हणून श्रेय त्याला. ज्याला विष जास्त गेलं, त्याच्यासाठी भगताकडे काहीच नसतं. कळ फारशी नाही म्हणजे विष नाही, असंही धरून चालू नका. कळ नसलेली, पण घामाने भिजलेली, गार पडलेली मुलं आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. त्यातला एक मुलगा रात्री बाराला आला होता. दिवेलागणीला चावला होता आणि मधले तास दोन भगतांकडे गेले. आम्ही ऑक्सिजन लावेपर्यंत त्याच्या नाकातोंडातून फेस येत होता. पहाटे त्याच्या आईने आम्हाला विचारलं, "लवकर आणला असता तर?" आम्ही तिला काही उत्तर दिलं नाही.

भगताला शिव्या घालायला आम्ही हे लिहीत नाही. तोही बहुधा गरीबच असतो, कधी आपलाच नातेवाईक. पण २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच कायद्यासाठी झगडले आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. हे भगताला सांगा, शांतपणे सांगा. आमच्या अनुभवात दोन भगत आता स्वतःच म्हणतात, आधी दवाखान्यात जा, मग माझ्याकडे या.

विंचू चावला की वेळ बघून ठेवा, डॉक्टर तेच आधी विचारतील. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका, डाग देऊ नका. काही वाड्यांत डोळ्यांत मिठाचं पाणी घालतात. मीठ तर बाहेर आधीच भरपूर आहे, बिघाड दारांचा आहे, आणि डोळे तेवढे चुरचुरतात. फडक्यात बर्फ गुंडाळून डंखाच्या जागी धरला तर कळ कमी होते. मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा. मोठ्या माणसाला घाम, लाळ, उलटी, हातपाय गार यातलं एक जरी दिसलं तरी निघा. १०८ ला फोन करा, ती येईपर्यंत रिक्षा मिळाली तर रिक्षाने जा. घामाने आणि उलटीने पाणी जातं, म्हणून शुद्धीवर असलेल्याला ओआरएस घोट घोट द्या.

प्राझोसिन घरात आणून ठेवू का, असंही एकाने विचारलं. नको. त्या गोळीने रक्तदाब एकदम उतरतो. रुग्णाला आडवं ठेवून, पाणी भरून काढून, दाब मोजत ती द्यावी लागते. नुसती कळ असेल तर तिची गरजही नसते.

ती मुलगी वाचली. मामाने नेलं त्या दवाखान्यात गोळी होती, डॉक्टर जागे होते. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. बैठकीत ती पुढेच बसली होती, अंगठ्याला हात लावून बघत.

बैठक संपल्यावर वाडीतल्या पाच बायका आमच्याबरोबर जवळच्या आरोग्य केंद्रात आल्या आणि औषधाच्या खिडकीवर त्यांनी एकच विचारलं: विंचवाची गोळी आहे का? आत शोधाशोध झाली. एक पाकीट निघालं, त्यावरची मुदत मार्चमध्ये संपलेली. बायकांनी तिथेच बसून मागणीचा अर्ज लिहिला, खाली पाच सह्या आणि आजीचा अंगठा. बारा दिवसांनी नवीन गोळ्या आल्याचा फोन आला. आता प्रत्येक पौर्णिमेला वंदनेनंतर दोघीजणी जाऊन पाकिटावरची तारीख बघून येतात.

तुमच्या वाडीजवळच्या केंद्रात काय उत्तर मिळालं, ते आम्हाला कळवा.